टोल्यांचं घड्याळ घरी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भिंतीवर टोल्यांचं घड्याळ चालू दिसलं की पाहुणा चहा संपायच्या आत एखादा प्रश्न विचारतोच. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. मी धंद्याने घड्याळवाला नाही, चुका करत शिकलेला हौशी आहे. त्यातल्या काही चुका खाली सापडतील. सेलवर चालून स्पीकरमधून घंटानाद ऐकवणारी घड्याळं इथे धरलेली नाहीत.

टोल्यांचं घड्याळ आणि चाइमचं घड्याळ एकच का?

नाही. टोल्यांचं घड्याळ जितके वाजले तितके टोले देतं, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाला एक. आत दोन यंत्रं शेजारी शेजारी असतात. एक काटे चालवतं, दुसरं हातोडी उचलतं. दोघांच्या कमानी, म्हणजे जोर साठवणाऱ्या गुंडाळलेल्या पोलादी पट्ट्या, वेगळ्या, म्हणून तबकडीवर चावीची भोकं दोन. सहसा उजवं वेळेचं आणि डावं टोल्यांचं. चाइमचं घड्याळ दर पाव तासाला सुरावट वाजवतं. त्यासाठी तिसरं यंत्र आणि तिसरं भोक लागतं. अशा घड्याळात साधारणपणे डावं टोल्यांचं, मधलं वेळेचं आणि उजवं चाइमचं असतं.

नुसत्या टोल्यांचा हिशेब करून पाहा. एक ते बारा मिळून ७८, म्हणजे दिवसाला १५६. अर्ध्या तासाचे धरले तर १८०. दर वेळी ती हातोडी कमानीच्या जोरावर उचलायची असते. टोल्यांची बाजू आधी का दमते, ते यावरून कळावं.

आजोबांचं घड्याळ माळ्यावर सापडलं. चावी देऊन बघू का?

थांबा. चावी दिली तर ते बहुतेक चालेलही, आणि तोच धोका आहे. वाळलेलं तेल आणि त्यात बसलेली धूळ मिळून पॉलिश पेपरसारखं काम करतात. चक्राच्या दांड्याचं बारीक टोक, ज्याला पिव्हट म्हणतात, ते पितळी पट्टीतल्या भोकात फिरतं. अशा घाणीत फिरलं की पिव्हटवर खाचा पडतात आणि गोल भोक लांबट होतं. "चालतंय ना, मग बरं आहे" हे वाक्य मी स्वतः दोन वर्षं म्हणत होतो. शेवटी चार भोकांत नवे बुश, म्हणजे झिजलेल्या भोकात बसवायच्या छोट्या पितळी नळ्या, बसवावे लागले.

आधी लंबक काढून बाजूला ठेवा. मागून टॉर्च मारा. भोकांभोवती काळी किंवा हिरवी साय दिसली तर यंत्र साफ केल्याशिवाय चालवू नका. कमानीवर तांबूस गंजाचे ठिपके असतील तर चावीला हातही लावू नका. जुन्या अमेरिकन घड्याळांत कमान डबीत बंद नसते, उघडीच असते. ती तुटली तर जाताना चक्राचे दोन-चार दातेही घेऊन जाते.

चावी जास्त दिल्यामुळे घड्याळ बंद पडतं का?

नाही. कमान पूर्ण गुंडाळली की चावी पुढे जात नाही, बस्स. कमान भरलेली आणि घड्याळ बंद, असं दिसतं म्हणून लोक दोष चावीला देतात. खरं कारण असतं गोठलेलं तेल, घाण किंवा झिजलेली भोकं. आमच्या घरी एका काकांनी लहानपणी "जास्त पिळलं" म्हणून त्यांना वर्षानुवर्षं बोलणी खावी लागली. घड्याळ उघडलं तेव्हा आत तेलाचा डिंक निघाला. मी काकांना मुद्दाम फोन करून सांगितलं.

आठवड्याच्या घड्याळाला आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पूर्ण चावी द्या. शेवटी चावी एकदम सोडू नका. खिटी रॅचेटच्या, म्हणजे कमान उलटी सुटू न देणाऱ्या चक्राच्या, दातात बसल्याचा आवाज येईपर्यंत हात धरून ठेवा.

लंबक हलवला की पाच मिनिटं चालतं आणि थांबतं. काय बिघडलंय?

बहुतेक काहीच नाही. घड्याळवाल्याकडे नेण्याआधी डोळे मिटून आवाज ऐका. टिक… टॉक… टिक… टॉक असं सारखं अंतर हवं. टिक-टॉक… टिक-टॉक… असं लंगडत असेल तर घड्याळ 'बीट'मध्ये नाही. लंबकाला दोन्ही बाजूंनी सारखा धक्का मिळत नाही, म्हणून तो हळूहळू मरतो. झाडूपोछा करताना किंवा रंगकामाच्या वेळी घड्याळ जरासं सरकलं तरी हे होतं.

घड्याळाची पेटी खालच्या टोकाला धरून किंचित डावीकडे, मग उजवीकडे सरकवा. एका जागी आवाज सरळ होईल. तिथे पेटी भिंतीवर ओळंब्यात दिसत असेल तर काम झालं. पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवा. वाकडी दिसत असेल तर पेटी सरळ लावून आतली तार वाकवावी लागते. ही तार यंत्राच्या मागून खाली येते आणि लंबकाच्या दांडीला ढकलते. तिला क्रच म्हणतात. नियम सोपा आहे. आवाज सरळ व्हायला पेटीची जी बाजू वर उचलावी लागली होती, त्या बाजूकडे तार हलकेच वाकवायची. एका वेळी केसभर. काही जर्मन यंत्रांत क्रच घर्षणावर बसवलेला असतो, तिथे वाकवायची गरज नाही, नुसता सरकतो.

तरीही थांबत असेल तर खिळा बघा. घड्याळ भिंतीवर डुलत असेल तर लंबकाचा जोर पेटी हलवण्यात खर्च होतो. लंबक काचेला किंवा मागच्या फळीला घासतोय का, तास आणि मिनिटकाटा एकमेकांत अडकतात का, हे बघा. लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर लटकतो ती मुरगळली असेल तर लंबक झुलताना शेपटीसारखा वळवळतो. ती पट्टी बदलावीच लागते, सरळ करून चालत नाही.

उभ्या, वजनांच्या घड्याळाची एक गंमत. ते दर आठवड्याला एकाच वारी बंद पडत असेल तर भुताला दोष देऊ नका. वजनं उतरत लंबकाच्या गोळ्याच्या पातळीला आली की तीही त्याच्याबरोबर झुलू लागतात आणि त्याचा जोर खातात. पेटी भिंतीला घट्ट करा.

दिवसाला काही मिनिटं मागे पडतं. लंबकाची चकती किती फिरवायची?

गोळ्याखालची चकती वर नेली की लंबक आखूड होतो आणि घड्याळ पुढे जातं. खाली आणली की मागे. किती, ते लंबकाच्या लांबीवर आहे. सेकंदाला एक टोक गाठणारा लंबक सुमारे ९९४ मिमी लांबीचा असतो. त्यात १ मिमीचा फरक म्हणजे दिवसाला सुमारे ४३ सेकंद. भिंतीवरच्या घड्याळाचा अर्ध्या सेकंदाचा लंबक सुमारे २४८ मिमीचा. तिथे तोच १ मिमी दिवसाला जवळजवळ तीन मिनिटं खातो. म्हणून पाव फेरी फिरवा आणि पूर्ण एक दिवस थांबा. तासाभरात पुन्हा हात लावणारा माणूस महिनाभर तेच करत बसतो.

काही तबकड्यांवर बाराच्या जवळ एक बारीक चौकोनी खुंटी असते. दुतोंडी चावीचं लहान टोक तिथेच बसतं. बाजूला ए आणि आर ही रोमन अक्षरं असतील तर ती फ्रेंच आहेत: ए म्हणजे पुढे, आर म्हणजे मागे. एस आणि एफ असतील तर इंग्रजी: एस म्हणजे मंद, एफ म्हणजे जलद.

सेकंदाच्या अचूकतेचा हट्ट धरू नका. पितळेची दांडी उन्हाळ्यात वाढते. थंडी आणि वैशाख यांत खोलीच्या तापमानात १५ अंशांचा फरक धरला तर दिवसाला १२ सेकंदांची गाठ आहे. लाकडी दांडीला तोच फरक तीन-चार सेकंदांचा, पण तिला पावसाळ्याच्या ओलीची बाधा होते, म्हणून ती पॉलिश केलेली हवी. लंडनच्या बिग बेनच्या लंबकावर जुनी पेनी ठेवून वेळ जुळवतात. एक पेनी म्हणजे दिवसाला ०.४ सेकंद.

आणि मुंबईकरांसाठी एक अवांतर. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत धरून ठेवली. तेव्हा पणजोबांचं घड्याळ मागे असायचं असं कोणी सांगितलं तर ते बिघडलेलं होतं असं समजू नका.

मुलगी लंडनला आहे, घड्याळ तिकडे पाठवायचंय. चालेल का?

चालेल, पण दिवसाला सुमारे दोन मिनिटं पुढे जाईल. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरतेही, त्यामुळे मुंबईपेक्षा लंडनला गुरुत्वाकर्षण थोडं जास्त. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलज्ञ झाँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेला, तेव्हा त्याचं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं होतं. आपलं उलट होणार, एवढंच. महाबळेश्वरच्या बंगल्यात नेलंत तरी उंचीमुळे दहा-पंधरा सेकंदांचा फरक पडेल. लंबकाची चकती फिरवली की प्रश्न मिटला.

पाठवताना मात्र लंबक काढा आणि वेगळा गुंडाळा. नेताना लंबक तसाच लटकत ठेवणं म्हणजे ती पातळ पट्टी तोडणं. ज्यांवर हातोड्या पडतात त्या चाइमच्या सळ्या असतील तर त्यांच्यामध्ये कापड भरा. त्या मुळाशी बारीक असतात आणि तिथेच मोडतात.

काटे पाच दाखवतात, टोले आठ पडतात!

हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. उत्तर देण्याआधी मला एकच कळायला हवं: तुमच्या घड्याळात टोले कोण मोजतं?

जुन्या, विशेषतः अमेरिकन घड्याळांत कडेला खाचा असलेलं एक चक्र असतं. खाचांमधली अंतरं वाढत जातात: एक टोला, दोन टोले, असं बारापर्यंत. या चक्राला काटे कुठे आहेत ते माहीतच नसतं. मागच्या वेळी पाच दिले तर आता सहा, एवढंच त्याचं ज्ञान. टोल्यांची चावी संपली आणि काटे चालत राहिले की दोघांची चुकामूक झालीच. उपाय असा: मिनिटकाटा बारावर नेऊन टोले पडू द्या, मग बाराच्या मागे दहा-पंधरा मिनिटं आणा आणि पुन्हा बारावर न्या. दर वेळी पुढचा आकडा वाजेल. योग्य आकडा येईपर्यंत करा. अनेक यंत्रांत खाली एक तार लोंबते, ती उचलली की काटा न हलवताच टोले पडतात. तार असेल तर तीच वापरा.

दुसरा प्रकार रॅकचा, म्हणजे दातेरी पट्टीचा. ही युक्ती इंग्रज एडवर्ड बार्लोची, १६७६च्या सुमाराची. तासकाट्याखाली गोगलगायीच्या आकाराची पायऱ्यापायऱ्यांची चकती असते. रॅक तिच्यावर पडतो आणि किती खोल गेला त्यावर टोले ठरतात. इथे टोले काट्यापासून भटकत नाहीत. तरी चुकत असतील तर तासकाटाच आपल्या जागेवरून सरकलेला असतो. जितके टोले पडले त्या आकड्यावर तासकाटा हलक्या हाताने फिरवा. तो घर्षणावर बसलेला असतो, फिरतो.

काटे उलटे फिरवले तर?

मधल्या मिनिटांत थोडं मागे घेतलं तर सहसा काही होत नाही. धोका तासाच्या आधीच्या काही मिनिटांत असतो. तेव्हा आतून 'खट्' असा आवाज येतो. टोल्यांचं यंत्र सुटायला तयार होऊन अडून राहिलेलं असतं. त्या वेळी काटा मागे ओढू नका. पुढे नेताना प्रत्येक तासाला आणि अर्ध्या तासाला थांबून टोले पूर्ण होऊ द्या. घाई असेल तर घड्याळ थांबवून ठेवा आणि खरी वेळ तिथे आली की लंबक हलवा.

तेल कोणतं घालू? खोबरेल चालेल का?

खोबरेल नको. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे पुण्याच्या थंडीत सकाळी घड्याळ बंद. शिवणयंत्राचं तेलही नको, पसरतं आणि लवकर उडून जातं. स्प्रेच्या डब्यातून जे येतं ते तर मुळीच नको. ते वंगण नाही, आणि त्याने सुटलेली घाण पिव्हटमध्येच जाऊन बसते. घड्याळाचं तेल म्हणून मिळतं तेच घ्या. लहान बाटली वर्षानुवर्षं पुरते.

घालायचं कुठे? पितळी पट्टीवर प्रत्येक पिव्हटभोवती बशीसारखा छोटा खोलगट भाग असतो, त्यात सुईच्या टोकावर येईल एवढा थेंब. बशी निम्मी भरली की पुरे. एस्केपमेंटच्या, म्हणजे चक्र दात्यादात्याने सोडून लंबकाला धक्का देणाऱ्या भागाच्या, दोन्ही जिभांवर अगदी स्पर्शापुरतं. चक्रांच्या दात्यांना तेल लावायचं नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. दात्यांवरचं तेल धूळ गोळा करतं आणि दाते झिजवतं. आणि जुन्या घाणीवर नवं तेल म्हणजे न धुतलेल्या कढईत दुसरी फोडणी.

घरी उघडून साफ करता येईल का?

येईल, पण एका अटीवर: कमान उतरवल्याशिवाय एकही स्क्रू सोडायचा नाही. भरलेल्या कमानीत बोट मोडण्याइतका जोर असतो. चक्रं धरणाऱ्या पितळी पट्ट्या सुटल्या की तो सगळा जोर एका क्षणात चक्रांतून निघतो आणि दाते, पिव्हट, तुमचं बोट, जे मध्ये येईल ते जातं. कमान उतरवायची किल्ली वेगळी मिळते, तिची मूठ हातात हळूहळू फिरू देता येते. खिटी उचलायची, मूठ सैल करत न्यायची, आणि हे प्रत्येक कमानीला करायचं. जाड हातमोजे आणि चष्मा घालून. ज्यांना हे वाचूनच धाकधूक वाटते त्यांनी इथे थांबून चांगला घड्याळवाला शोधावा. त्यात कमीपणा नाही.

पुढचं काम संयमाचं. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. वेळेच्या आणि टोल्यांच्या बाजूचे भाग दोन वेगळ्या ताटांत. व्हाइट पेट्रोलमध्ये ब्रशने धुवायचं, तेही गच्चीत, आगीपासून लांब. मग टोकदार केलेली बांबूची काडी प्रत्येक भोकात फिरवायची, ती स्वच्छ निघेपर्यंत. भोकं खरी साफ होतात ती या काडीने.

पितळ चकचकीत करायची हौस आवरा. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांचा अंश भोकांत राहतो आणि पितळ खातो. अमोनिया असलेल्या द्रावणात भाग तासन्‌तास बुडवून ठेवू नका. ताण असलेलं पितळ अमोनियाने तडकतं. हे भारतातच लक्षात आलं होतं: ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली, आणि तिथल्या अमोनियाने त्यांना चिरा गेल्या.

टोल्यांचा आवाज बसका येतो.

हातोडी टोला देऊन तारेच्या वेटोळ्यावर किंवा सळीवर टेकून राहते का ते बघा. विश्रांतीत हातोडी आणि ते वेटोळं किंवा सळी यांत दोन-तीन मिमी अंतर हवं. हातोडीची तार वाकवायची, सळी कधीच नाही. मग वेटोळं ज्या लोखंडी ठोकळ्यावर बसवलं आहे त्याचे स्क्रू आवळा. आवाज लाकडातून येतो. ठोकळा सैल तर आवाज मेला. हातोडीच्या टोकाचं चामडं दगडासारखं झालं असेल तर आवाज भांडं पडल्यासारखा येतो. नवा तुकडा लावा.

टोले घाईघाईने पडत असतील तर दोष आतल्या पंख्यात. तो हवेला अडून गती धरतो. आसावर सैल झाला की काही धरत नाही.

वेस्टमिन्स्टर चाइम म्हणजे नेमकं काय, आणि ते चुकलं तर?

ही सुरावट मुळात वेस्टमिन्स्टरची नाही. १७९३ मध्ये केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरी चर्चसाठी ती रचली गेली आणि १८५९ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातल्या संसदेच्या मनोऱ्यावर गेली. तेच नाव चिकटलं. सूर फक्त चार. चार-चार सुरांची पाच वाक्यं. सव्वाला एक वाक्य, साडेला दोन, पाऊणला तीन, तासाला चार. तासभरात ४० सूर, दिवसाला ९६०, वर १५६ टोले. तीन कमानींत चाइमची कमान सर्वांत जाड का, ते आता विचारू नका.

साडेच्या जागी सव्वाचं वाजत असेल तर बऱ्याच नव्या यंत्रांत काहीच करायचं नसतं. दोन तास चालू द्या, तासाच्या आधी ते स्वतः थांबून जुळवून घेतं.

मला स्वतः घड्याळ बनवायचंय. सुरुवात कुठून?

दोन रस्ते आहेत. पहिला: तयार यंत्र आणून पेटी आपण बनवायची. जर्मनीतल्या गोसहाइम गावची हर्म्ले कंपनी १९२२ पासून या व्यवसायात आहे, चाइमची यंत्रं सळ्यांसकट मिळतात. यंत्र हातात आल्याशिवाय लाकूड कापू नका. पेटीची उंची लंबक ठरवतो आणि रुंदी त्याचा झोका. सागवान उत्तम, कारण पावसाळ्यात कमी फुगतं. पण मागची फळी जाड सागवानाची नको. सळ्यांचा ठोकळा ज्या फळीवर बसतो ती पातळ हवी, तबल्याच्या पुडीसारखी बोलायला हवी. बाजूंना झरोके ठेवून आतून जाळीचं कापड लावा. मागे किंवा बाजूला दार ठेवा. मी पहिल्या पेटीला ठेवलं नव्हतं, आणि हातोड्या जुळवायला दर वेळी अख्खं यंत्र बाहेर काढत होतो.

दुसरा रस्ता: चक्रांपासून सगळं. इथे चाइमचं स्वप्न बाजूला ठेवा. प्लायवूडची चक्रं, दोरीला वजन, ९९४ मिमीचा लंबक. एस्केप चक्राला ३० दाते दिलेत की ते मिनिटाला एक फेरी करतं. तिथून मिनिटकाट्यापर्यंत ६० पटींची घट हवी: ८ दात्यांचं पिनियन (लहान दातेरी चाक) ६४च्या चक्रात आणि दुसरं ८चं ६०च्या चक्रात, म्हणजे आठ गुणिले साडेसात. मिनिट ते तास बारा पट: १०ला ३० आणि ८ला ३२. लाकडी दात्यांना तेल नको. मेण किंवा ग्रॅफाइट.

टोल्यासाठी सर्वांत सोपी युक्ती अशी. मिनिटकाट्याच्या आसावर एक खुंटी बसवा. ती हातोडीची शेपटी हळूहळू उचलत नेते आणि बाराला सोडून देते. तासाला एक टोला. वेगळी कमान नाही, मोजणी नाही. हातोडी हलकी ठेवा, कारण तिचं ओझं काट्यांच्या यंत्रावरच पडतं. घंटा पितळेची नको, काशाची घ्या. ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील, पूजेच्या चांगल्या घंटेचा तोच नाद. पुढे हिंमत झाली आणि मोजून टोले द्यायचे ठरवले, तर खाचांचं चक्र बरोबर ७८ भागांत विभागायचं. काशातलं तांबं आणि बारा तासांचे टोले, दोन्हीकडे ७८. माझ्या वहीत हा योगायोग लाल शाईने लिहिलेला आहे.

जुन्या बाजारातून घ्यावं का?

घ्या, पण लेबल वाचून भाळू नका. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एकाची पेटी, दुसऱ्याचं यंत्र आणि कालच छापलेली तबकडी असा संसार बराच दिसतो. मागच्या फळीवर कामात नसलेली स्क्रूची भोकं दिसतात का, चावीची भोकं आसांच्या बरोबर समोर येतात का, हे बघा. मग चावीशिवायच चक्र बोटाने किंचित हलवून पिव्हट भोकात किती डुलतो ते पाहा. यंत्र खरं असेल तर जोडसंसारही वाईट नाही, फक्त किंमत तशी द्या.

पावसाळ्यात काय जपायचं?

कोकणात आणि मुंबईत शत्रू गंज. बाहेरच्या भिंतीवर, जिथे ओल येते, तिथे घड्याळ लावू नका. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि अधूनमधून बदला. मुख्य म्हणजे चार महिने बंद ठेवू नका.

शेजारी तक्रार करतात. रात्रीचे टोले बंद करता येतात का?

चाइमच्या बहुतेक यंत्रांना बंद करायचा खटका असतो, काहींत रात्रीपुरतं आपोआप गप्प बसायची सोय असते. जुन्या टोल्यांच्या घड्याळात असं काही नसतं. काही लोक टोल्यांची चावीच देत नाहीत, तेही चालतं, यंत्राला त्रास नाही. मी हातोडीवर रात्री मऊ नमद्याचा तुकडा अडकवतो. सकाळी काढायला विसरलो की दिवसभर घड्याळ खोकल्यासारखं वाजतं, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात विचारतात, "आज बरं नाही का हो त्याला?"